पहिल्या दीर्घिका कशा तयार झाल्या? सातपुड्यातल्या तोरणमाळवरून त्या दिसतील का?

दुसऱ्याचं आधी: नाही. तोरणमाळच्या काळोखात देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते, पण तिचा प्रकाश जेमतेम 25 लाख वर्षांपूर्वीचा. पहिल्या दीर्घिकांचा 1300 कोटींहून जुना, विश्वाच्या प्रसरणाने वाटेत ताणून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा झालेला. त्याला जेम्स वेबसारखी अवकाशातली दुर्बीणच हवी.

घडल्या कशा? आधी कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) ठिकठिकाणी गोळा झालं, त्याच्या गुरुत्वाकर्षणाने हायड्रोजन-हेलियम ओढला गेला. वायू थंड होऊन आकसला आणि महास्फोटानंतर, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीनंतर, साधारण 10-20 कोटी वर्षांनी पहिले तारे पेटले. पुढे गिरणा, पांझरा तापीला मिळतात तशा लहान दीर्घिका एकमेकींत मिसळत मोठ्या झाल्या.

गंमत म्हणजे 2024 मध्ये जाहीर झालेली एक दीर्घिका महास्फोटानंतर अवघ्या 29 कोटी वर्षांनीच अपेक्षेपेक्षा बरीच तेजस्वी होती. इतक्या लवकर एवढे तारे कसे, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालूच आहे.