सर्व्हर सांभाळणारे प्रोग्रामर दिवसभर काय करतात आणि काय वाचतात?

तुम्ही विचारलंय की सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रोग्रामरचा दिवस कसा जातो, आणि कोड लिहिण्यातून वेळ मिळालाच तर आम्ही वाचतो काय. मी पुण्यात हे काम सोळा वर्षं करतेय. पतसंस्थांचे आणि छोट्या दुकानदारांचे हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यामागचे सर्व्हर आमची सातजणांची टीम बघते. कोड लिहिण्यात माझा दिवसाचा जेमतेम दीड तास जातो. बाकी सगळं वाचणंच. लॉग, म्हणजे सर्व्हर आपल्या कामाची लिहीत जातो ती नोंदवही, वाचायचे, दुसऱ्याचा कोड वाचायचा, सहा महिन्यांपूर्वी आपणच लिहिलेला वाचायचा, आणि हे त्या वेळी असं का केलं असेल ते शोधत बसायचं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे दोन भाग मला वेगळे करता येत नाहीत.

हे वाचन मी नीट शिकले ते एका चुकीमुळे. बारा-तेरा वर्षं झाली असतील. रात्री पावणेतीनला फोन वाजला, एका सर्व्हरची डिस्क भरली होती आणि नव्या नोंदी होत नव्हत्या. सदाशिव पेठेतल्या घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी लॉगिन झाले. लॉगची एक फाइल फुगून १४० जीबीची झालेली दिसली. मी ती पुसून टाकली. डिस्क तरीही शंभर टक्के भरलेलीच.

आमचे सर्व्हर चालतात त्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जागा बघायच्या दोन कमांड रोजच्या वापरातल्या. ‘डीयू’ ही फोल्डरांमधून फिरते आणि नावानिशी दिसेल त्या प्रत्येक फाइलचा आकार बेरजेत धरते. ‘डीएफ’ थेट डिस्कवरच्या जागेचा हिशेब ठेवणाऱ्या फाइलसिस्टिमलाच विचारते की किती जागा अडकली आहे. त्या रात्री डीयू सांगत होती ६० जीबी, आणि डीएफ सांगत होती २०० पैकी २००. दोघींच्या हिशेबात नेमका मी पुसलेल्या फाइलीएवढा फरक.

झालं होतं ते असं. फाइल आणि फाइलचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकूर कुठे आहे, किती आहे, कुणाचा आहे, ही सगळी नोंद आयनोडमध्ये असते. नाव ही त्या आयनोडकडे बोट दाखवणारी नुसती पाटी. फाइल पुसायची ‘आरएम’ कमांड फक्त पाटी काढते. घरात कुणी राहत असेल तर पाटी काढल्याने घर रिकामं होत नाही. ज्या प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामने, ती फाइल उघडून धरलेली आहे, ती प्रोसेस जोवर सोडत नाही तोवर मजकूर डिस्कवर तसाच राहतो. डीयूला पाटी दिसत नाही म्हणून ती मोजत नाही, डीएफला घर दिसतं म्हणून ती मोजते.

ती फाइल धरून बसलेली सर्व्हिस मी रीस्टार्ट केली, १४० जीबी मोकळे झाले, मी झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या टीम लीडने विचारलं, “पण लॉग एवढा फुगला कशाने?” उत्तर त्याच फाइलीत होतं, आणि फाइल गेलेली. तोच बिघाड पुढच्या पाच आठवड्यांत आणखी तीनदा आला. मग एका रविवारी मी लिनक्समधल्या ‘प्रॉक’ या फोल्डरचं मॅन पेज, म्हणजे लिनक्सबरोबर येणारं माहितीपत्रक, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. त्यात कळलं की चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसच्या उघड्या फाइलींची यादी तिथे असते, आणि प्रोसेस जिवंत असेपर्यंत पुसलेली फाइलसुद्धा तिथून वाचता येते, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येते. म्हणजे त्या रात्री रीस्टार्ट करायच्या आधी वीस मिनिटं थांबले असते तर सगळा मजकूर हाती आला असता. हे मला अजूनही लागतं. पाच आठवडे पतसंस्थांची माणसं मध्येच बंद पडणाऱ्या सॉफ्टवेअरसमोर ताटकळली, कारण मी वाचायच्या आधी पुसलं.

मॅन पेजला लोक कोरडं म्हणतात. मला ते वाचायला मनापासून आवडतं. एकेक वाक्य तोलून लिहिलेलं असतं, आणि शेवटी अनेकदा ‘बग्ज’ नावाचा भाग असतो, ज्यात त्या प्रोग्राममध्ये काय चुकतं ते लिहिणाऱ्यानेच सांगितलेलं असतं. तुम्ही नवीन असाल तर तो भाग आधी वाचा.

लॉग वाचणाऱ्याला पुण्यात आणखी एक गोष्ट सवयीची करून घ्यावी लागते. सर्व्हरचं घड्याळ बहुतेक ठिकाणी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात आपली तारीख बदललेली असते, सर्व्हरची नसते. दिवसअखेरचा अहवाल चुकीच्या तारखेला पडला अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा व्यवहाराची वेळ विचारते.

आता ज्या प्रसंगाने माझं वाचन बदललं तो सांगते. खेड तालुक्यातल्या एका पतसंस्थेतून कारकुनाचा फोन आला. “मॅडम, काका समोर उभे आहेत, पासबुक हातात आहे, आणि नाव टाकलं तर स्क्रीनवर येतच नाही.” आडनाव कुऱ्हाडे. मी आमच्याकडून शोधलं तर मलाही मिळेना. खातेक्रमांकाने शोधलं तर खातं हजर, नाव अगदी बरोबर, कुऱ्हाडे. डोळ्यांना दोन्ही शब्द एकसारखे, मशिनला वेगळे.

मग मी दोन्ही नावांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षरासाठी ठरलेले क्रमांक, काढून शेजारी शेजारी ठेवले. आपण ऱ्ह लिहितो त्यातला तो अर्धा ‘र’, ज्यामुळे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे वेगळे शब्द होतात, तो संगणकात तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त. दोन, साधा ‘र’, त्याखाली नुक्त्याचं टिंब, मग हलन्त. तीन, साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे शून्य रुंदीचा, डोळ्यांना न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखे उमटतात. पहिले दोन एकच मानावेत असं युनिकोडचंच म्हणणं आहे. त्यासाठी नॉर्मलायझेशनची ठरलेली रीत आहे, ती लावली की दोन्ही एकरूप होतात. तिसरा मात्र त्या रीतीने जुळत नाही, त्यासाठी आपला नियम आपणच लिहावा लागतो. काकांचं खातं उघडलं तेव्हाच्या कारकुनाचा कीबोर्ड वेगळा होता, आजच्याचा वेगळा. एवढंच कारण.

टीममधला एकजण म्हणाला, सगळ्या नावांवर एक स्क्रिप्ट चालवू, तिन्हींचं एक करून टाकू, जुनं राहू द्यायची गरज काय? मला ते पटेना, पण नेमकं का पटत नाही हे सांगता येईना. ते सांगता आलं एका वेगळ्याच ठिकाणी.

आमच्या शेजारी संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक राहायचे. त्यांच्याकडे भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखित पोथ्या ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतला आदिपर्वाचा खंड होता. मी नेहमीसारखं पान वरून वाचायला लागले तर म्हणाले, “अगं, वरून नको वाचूस. खालून वाच.” पानाच्या वरच्या भागात संपादकांनी निश्चित केलेले श्लोक, आणि खाली बारीक टायपात टिपांची दाट गर्दी. या शब्दाऐवजी अमुक पोथीत हा शब्द आहे, तमुक तीन पोथ्यांत ही ओळच नाही, इथे दक्षिणेकडच्या पोथ्यांत दोन श्लोक जास्त आहेत. प्रत्येक पोथीला तिच्या लिपीवरून ठरवलेलं अक्षर आणि क्रमांक. शारदा, नेपाळी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. माझं संस्कृत दहावीपर्यंतचं, श्लोक अडखळत लागत होते, पण पानाची रचना बघताक्षणी ओळखीची वाटली. आम्हीही लॉग तळापासूनच वाचतो. त्यासाठी असलेल्या कमांडचं नावच ‘टेल’ आहे, शेपूट.

त्यानंतर मी या आवृत्तीबद्दल मिळेल ते वाचलं. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ची. महाभारताचं काम १९१९ साली सुरू झालं. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले, आणि त्यांनी कामाची पद्धत बसवली. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला जाऊन संस्कृताकडे वळलेले. १९४३ मध्ये ते गेले, नंतर श्री. कृ. बेलवलकरांनी आणि प. ल. वैद्यांनी काम पुढे नेलं, आणि १९६६ मध्ये १९ खंडांत ते पूर्ण झालं. १२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या. जवळजवळ अर्धं शतक, संपादक बदलत गेले, आणि पद्धत टिकली. सोळा वर्षांत मी एकाच सॉफ्टवेअरची तीन वेळा मुळापासून पुन्हा मांडणी झालेली पाहिली आहे, त्यामुळे मला यापुढे हात जोडावेसे वाटतात.

या संपादकांचा विचार असा होता की एकमेकींशी संबंध नसलेल्या, दूरदूरच्या प्रदेशांतल्या पोथ्या जिथे एकच पाठ, म्हणजे तेच शब्द, देतात, तो पाठ जुना असण्याची शक्यता मोठी. नक्कल करताना झालेली चूक त्या पोथीच्या वंशात उतरत जाते, पण ती काश्मीरमध्ये आणि केरळात आपापली, सारखीच होणं अवघड. बिघाड शोधताना आम्हीही हेच करतो. सर्व्हरांमध्ये काम वाटून देणाऱ्या एकाच लोड बॅलन्सरमागच्या दोन सर्व्हरांनी एकच गोष्ट सांगितली तर मी ती एकच साक्ष धरते. दुकानदाराच्या बिलाची वेळ आणि आमच्या डेटाबेसची वेळ जुळली तर त्या दोन साक्षी.

आणि वगळलेलं त्यांनी फेकलं नाही. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही आपण लहानपणापासून ऐकलेली कथा निश्चित केलेल्या संहितेत नाही, पण ती आदिपर्वाच्या परिशिष्टात छापलेली आहे. उद्या कुणाला संपादकांचा निर्णय चुकीचा वाटला तर त्याला पुन्हा पोथ्या गोळा कराव्या लागू नयेत, पुरावा त्याच पुस्तकात सापडावा.

शिक्षकांकडे ते पान पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला जाऊन सांगितलं की नावं बदलायची नाहीत. खातं उघडताना नाव ज्या तऱ्हेने नोंदलं गेलं ती तऱ्हा मूळ कॉलममध्ये जशीच्या तशी राहील. शोधासाठी शेजारी वेगळा कॉलम करू, त्यात एकरूप केलेलं नाव ठेवू, आणि ते कोणत्या नियमाने केलं तेही नोंदवू. पुढे आमच्या नियमातच एक चूक निघाली. मूळ नावं शाबूत होती म्हणून एका संध्याकाळीत तो कॉलम पुन्हा भरता आला. काकांना त्या दिवशी खातेक्रमांकावरून पैसे मिळाले होते, हे सांगायचं राहिलं.

कामाबाहेरच्या वाचनाचं म्हणाल तर पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकातून मी रिकाम्या हाताने परत येत नाही, आणि नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयात जाणं आईमुळे लहानपणापासूनचं. कादंबऱ्या कमी, कोश आणि पत्रव्यवहार जास्त. संगणकावरच्या वाचनात एक लेख मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचते. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी पुस्तकांच्या छपाईसाठी ‘टेक’ ही प्रणाली लिहिली आणि तिच्यात सापडलेल्या प्रत्येक चुकीची वही ठेवली, कुठल्या प्रकारची चूक हे अक्षराने नोंदवून. १९८९ मध्ये त्यांनी त्या चुकांवर सविस्तर लेख लिहिला आणि यादीही छापली. आपल्या पुस्तकांत चूक दाखवणाऱ्याला ते २००८पर्यंत २.५६ डॉलरचा चेक पाठवत, कारण सोळाच्या पटीने मोजायच्या षोडशमान पद्धतीत २५६ ही संख्या १०० अशी लिहितात, म्हणून २५६ सेंट म्हणजे तिथला एक डॉलर. जगाने मानलेला माणूस आपल्या चुका तारीखवार लिहून ठेवतो, हे विशीत वाचायला मिळालं असतं तर मी लॉग पुसताना थबकले असते.

शिकणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं. कमिट करताना, म्हणजे कोडमधला बदल त्याच्या इतिहासात नोंदवताना, नुसतं ‘फिक्स’ लिहू नका. काय मोडलं होतं, तुम्ही कोणते दोन उपाय सोडून दिलेत आणि का, हे तीन ओळींत लिहा. कोड काय करतो ते कोडमध्ये दिसतंच, सोडून दिलेले उपाय कुठेच दिसत नाहीत.

चिकित्सक आवृत्तीतली आणखी एक गोष्ट मी उचलली आहे. संहितेतल्या ज्या शब्दाबद्दल संपादकांची पूर्ण खात्री नाही, त्याखाली नागमोडी रेघ छापलेली असते. पाठ त्यांनी निवडलेला असतो, पण शंकाही लपवलेली नसते. आमच्या कोडमध्ये जिथे मला खात्री नसते, तिथे मी टिपेत ‘नागमोडी’ एवढा शब्द लिहिते आणि शंका काय आहे ते पुढे. आता सगळी टीम तसं करते. दर सोमवारी आम्ही तो शब्द शोधतो. परवा ४१ निघाले. शुक्रवारपर्यंत दोन सुटले, आणि नव्याने आलेल्या मुलीने माझ्या एका जुन्या, मला पक्क्या वाटणाऱ्या फंक्शनवर एक वाढवला.