आहार-शंका : नाताळचा फराळ, गुळाची करंजी आणि पांढरा रस्सा

प्रश्न : आमच्या घरी नाताळला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, अनारसे असा पूर्ण फराळ होतो, शिवाय केक. माझ्या पतींना मधुमेह असून ते गोळ्या घेतात. सासरच्या गावी आमचे गुऱ्हाळ असल्याने या वर्षी साखरेऐवजी सर्वत्र घरचा, रसायनविरहित गूळ वापरण्याचा विचार आहे. मग त्यांनी निर्धास्तपणे खाल्ले तर चालेल ना?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : निर्धास्तपणे खाणे चालणार नाही. गूळ रसायनविरहित असणे चांगलेच, पण त्यामुळे रक्तातील साखर कमी वाढते असे नाही. उसाचा रस आटवून केलेल्या गुळात मुख्यतः साखरच असते आणि थोड्या प्रमाणात लोह व इतर खनिजे असतात. मात्र करंजीतून पोटात जाणाऱ्या चमचाभर गुळातील लोह इतके अल्प असते की त्यापेक्षा या दिवसांत मंडईत येणारी हरभऱ्याची कोवळी भाजी कितीतरी उपयोगाची ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण शिफारस अशी आहे की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास उत्तम. २००० कॅलरींच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५० व २५ ग्रॅम होते. गूळ, काकवी आणि मध हे तिन्ही याच हिशेबात मोडतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे याचा आपल्याला अभिमान असावा, पण ते मानांकन त्याच्या जातिवंतपणाचे आहे, पथ्याचे नव्हे.

खरे सांगायचे तर मला २५ डिसेंबरच्या ताटाची फारशी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती फराळाच्या डब्यांची. फराळ आठ-दहा दिवस आधीच तयार होतो, नाताळची गाणी गाणारी मंडळी घरी येतात, नातेवाईक येतात, आणि प्रत्येक पाहुण्याबरोबर यजमानही बशीतले दोन घास घेतात. हे सत्र नववर्षापर्यंत चालते. म्हणून फराळ सणाच्या जवळ, दरवर्षीच्या निम्म्याच प्रमाणात करावा आणि शेजारी ताटे पाठवून झाली की उरलेला डबा नजरेआड ठेवावा. पतींनी एखादी करंजी खायचीच असेल, तर ती चहाबरोबर रिकाम्या पोटी न खाता भाजी, उसळ असलेल्या जेवणानंतर खावी आणि त्या जेवणात भात किंवा भाकरी तेवढी कमी घ्यावी. चकली गोड नसल्यामुळे मधुमेहींना चालते, असा एक समज घरोघरी आढळतो. चकलीच्या भाजणीत तांदळासारखी धान्ये असतात, त्यांतील पिष्टाची शेवटी साखरच होते आणि तळणीचे तेल वेगळेच. रात्री मोठे जेवण आहे म्हणून दिवसभर उपाशी राहणे तर मुळीच नको, कारण काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकवल्यास साखर एकदम खाली येऊ शकते.

मोहनासाठी वनस्पती तूप वापरावे का, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगते. जानेवारी २०२२ पासून अशा पदार्थांतील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तथापि त्यातील संपृक्त चरबी राहतेच. मोजून घेतलेले साधे तेल पुरेसे आहे.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत पुण्याहून दीर-जाऊ येतात आणि त्यांना रोज तांबडा-पांढरा हवा असतो. सासूबाईंना रक्तदाब आहे. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक न करता काय करता येईल?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : रोज हवा असतो, तेथेच थोडे ठाम राहावे, सुट्टीत दोनदा पुरे. वेगळा स्वयंपाक करण्याची गरज मात्र नाही, कारण दोन्ही रश्श्यांचा पाया एकच अळणी, म्हणजे मटण शिजवलेले बिनमिठाचे पाणी, असते. ती आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवली की चरबी वर गोठते व चमच्याने काढून टाकता येते. मटण शिजवताना मीठ घालूच नये. कांदा-लसूण चटणीत बहुधा मीठ असतेच. ती घालून, चव पाहून मगच वरून मीठ घालावे, आणि सासूबाईंची वाटी त्याआधी काढून ठेवावी. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा कमी असावे. पापड, लोणचे व विकतचे फरसाण त्याच मापात येतात, हे ताट वाढताना विसरले जाते. पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस, काजू असल्याने तो सौम्य लागला तरी हलका नसतो. एक वाटी प्यावी, वाट्यांवर वाट्या नकोत. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते.

प्रश्न : नात दहा महिन्यांची आहे. तिला प्लम केकचा तुकडा चाखवावा का?
– एक आजी, नागाळा पार्क

उत्तर : आजी, या वर्षी नको. त्या केकमधील सुका मेवा अनेकदा रममध्ये भिजवलेला असतो आणि भाजताना सगळे मद्य उडून जात नाही. सुक्या मेव्याचे अख्खे तुकडे बाळाच्या घशात अडकू शकतात. मध एक वर्षापर्यंत वर्ज्य आहे, आणि वरून घातलेली साखर दोन वर्षांपर्यंत टाळलेली बरी. त्याऐवजी उकडलेले रताळे कुस्करून द्यावे. घरी मटण असेल, तर मीठ-मसाला पडण्यापूर्वीची थोडी अळणी मऊ भातात कालवून दिली तरी चालेल.