धुताना निसटणारी प्रोटीन्स

प्रश्न : ताई नमस्कार, मी पंचवटीत राहते, एमएस्सी बायोटेकचं शेवटचं वर्ष. आयएल-६ (पेशींना दाहाचा संदेश देणारं प्रोटीन) च्या रिसेप्टरमधल्या जीपी१३० या प्रोटीनला पेशीच्या आतून कोण कोण चिकटतं ते शोधायचंय. अँटिबॉडीने जीपी१३० ओढलं की फॉस्फेट लावणारं जॅक१ मिळतं, पण सिग्नल केंद्रकात नेणारं स्टॅट३ सुद्धा दिसत नाही, मग नवीन काय सापडणार? आयएल-६ देऊन अर्ध्या तासाने पेशी फोडते, रिपा बफरमध्ये.

उत्तर : अगं, जॅक१ मिळतंय म्हणजे अँटिबॉडी नीट चालतेय, खचून जाऊ नकोस. जीपी१३० ला स्वतःचं कायनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) नसतं, जॅक१ त्याच्या शेपटाला आधीपासूनच घट्ट धरून असतं म्हणून धुण्यातूनही टिकतं. स्टॅट३ मात्र त्याच शेपटातल्या फॉस्फेट लागलेल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर क्षणभर टेकतं, स्वतःला फॉस्फेट लावून घेतं आणि जोडी करून केंद्रकाकडे निघून जातं, त्यात रिपात एसडीएस हे कडक डिटर्जंट असतं, नाजूक बंध तिथेच सुटतात. म्हणून ५, १०, १५ मिनिटांना पेशी बर्फावर घे, डिजिटोनिनसारखं सौम्य डिटर्जंट वापर, आणि सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट विसरूच नको, नाहीतर पेशीतली एन्झाइम्स फॉस्फेटच उडवून टाकतात. तासाभराचाही एक नमुना ठेव, सिग्नल थांबवणारं सॉक्स३ उशिरा तयार होऊन येतं.

नवीन प्रोटीन्ससाठी मात्र मी टर्बोआयडी हे शेजाऱ्यांवर खूण करणारं एन्झाइमच सांगेन. आपल्याकडे नाशकात रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) कोणी धप्पकन उडी मारली की काठावरचे सगळे भिजतात ना, मग ते घरी गेले तरी रंगावरून कळतं कोण जवळ होतं, अगदी तसं. हे एन्झाइम जीपी१३० च्या आतल्या टोकाला जोडायचं, बायोटिन हे जीवनसत्त्व द्यायचं, साधारण १० नॅनोमीटरच्या आत येणाऱ्यांवर त्याची खूण बसते. २०१२ च्या बायोआयडी या जुन्या एन्झाइमला तासन् तास लागायचे, २०१८ मध्ये आलेल्या टर्बोआयडीला १० मिनिटं पुरतात, आणि तुझा सिग्नल तेवढ्याच वेळाचा आहे. बायोटिनला धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनची पकड इतकी जबरदस्त की मग एसडीएसने खुशाल धू, नंतर मास स्पेकवर कोणती प्रोटीन्स आहेत ते ओळख.

पण काठावर उभा होता म्हणजे हात धरला होता असं नाही हं. कंट्रोलला नुसतं पेशीच्या पडद्याला अडकवलेलं टर्बोआयडी घे, शिवाय आयएल-६ न दिलेल्या पेशी. मायटोकाँड्रियातली कार्बोक्झिलेजेस यादीत हमखास येतील, त्यांच्यावर मुळातच बायोटिन असतं, ती काढून टाक. उरलेल्यातली दोन-तीन निवड आणि उलट बाजूने ओढून बघ, त्यांच्यासोबत जीपी१३० येतं का.