चारशे प्रश्नांतून हाती काय लागतं?

तुमच्याकडे विरोधी पक्षाच्या खासदारांनी संसदेत ४०० हून जास्त प्रश्न विचारल्याचे फलक लागलेत. उत्तरं जर 'ही बाब राज्याच्या अखत्यारीत येते' अशीच येत असतील तर लोकांना त्याचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. शिवाय वसतिगृहातल्या मुलांची रखडलेली शिष्यवृत्ती त्यांच्यामार्फत संसदेत कशी न्यायची, हेही. मी १५-१६ वर्षं सफाई कामगारांच्या प्रश्नांवर काम करतोय. संसदेतली उत्तरं वाचणं, जपून ठेवणं आणि कार्यालयांत दाखवणं हा माझ्या कामाचाच भाग झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उपयोग होतो, आणि खूप होतो. फलकावरच्या आकड्यावरून मात्र तो कळत नाही. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांची हकालपट्टी झाली, त्यात आपल्या खानदेशातले दोघे होते. नुसती संख्या मोजायची तर त्यांचेही प्रश्न त्यात धरावे लागतील. पाहायचं ते हे, की प्रश्न कोणत्या शब्दांत आणि कोणत्या मंत्रालयाला विचारला, आणि उत्तर आल्यावर त्याचं पुढे काय केलं.

आधी थोडी पद्धत. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकिताला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. पण प्रश्नोत्तरांचा तास एकच, त्यात जेमतेम पाच-सहा प्रश्न होतात. नंबर चिठ्ठ्या टाकून लागतो आणि एका खासदाराच्या नावावर दिवसाला एकच तारांकित प्रश्न येऊ शकतो. त्यामुळे टीव्हीवर दिसतं ते फार थोडं. खरा माल अतारांकितात, म्हणजे लेखी उत्तरांत असतो. ती उत्तरं मंत्र्याच्या नावाने कायमची नोंदली जातात आणि संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराचं नाव किंवा मंत्रालय टाकून कोणालाही काढता येतात.

आता शब्दांचं महत्त्व. माझ्याच विषयातलं सांगतो, कारण हे मी फार जवळून पाहिलंय.

जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत विरोधी पक्षनेते मल्लिकार्जुन खर्गे आणि काँग्रेसचेच एल. हनुमंतय्या यांनी हाताने मैला उचलताना झालेल्या मृत्यूंबद्दल विचारलं. सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांचं उत्तर आलं, की असा एकही मृत्यू नोंदवला गेलेला नाही. लोक संतापले, आणि संताप रास्तच होता. कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच मंत्रालयाने लोकसभेत सांगितलं होतं, की गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना पाच वर्षांत ३४० माणसं मेली, आणि त्यांतली ३४ महाराष्ट्रातली. मग जुलैत शून्य कुठून आलं?

ते आलं २०१३ च्या कायद्यातून. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या त्या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. कोरड्या संडासातून, उघड्या नाल्यातून किंवा खड्ड्यातून मैला हाताने काढणारा, वाहणारा तो 'हाताने मैला उचलणारा'. गटारात किंवा सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय उतरवणं ही मात्र 'धोकादायक सफाई', तिचं कलम वेगळं. माणूस टाकीतल्या वायूने गुदमरून मेला की त्याची नोंद दुसऱ्या नावाखाली होते. पहिलं नाव घेऊन विचारलंत की मंत्रालय शून्य सांगून मोकळं. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संसदेत आलेल्या उत्तरात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी होत्या: मैला उचलताना मृत्यू नाही, पण धोकादायक सफाई करताना १९९३ पासून ९४१ मृत्यू. एकाच देशातली, एकाच कामात गेलेली माणसं. नाव बदललं की दिसतात, नाहीतर नाहीत. मला या गोष्टीचा आजही राग येतो.

हाच धडा आम्ही आमच्याकडे स्वतः घेतला. एका गावात दोघं जण सेप्टिक टाकीत उतरले आणि वर आले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्येच अशा प्रत्येक मृत्यूमागे कुटुंबाला १० लाख रुपये द्यायचा आदेश दिलेला आहे (२०२३ पासून ती रक्कम ३० लाख झाली). पण दोघांच्या फायली एका कार्यालयात पडून होत्या. आम्ही एका विरोधी खासदारांकडे प्रश्नाचा मसुदा नेला. त्यांचे सहायक भला माणूस. त्यांनी पेन्सिल घेऊन शब्द मोजले, कारण प्रश्न १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. आमचा २०० च्या वर गेलेला. कापाकापीत 'सेप्टिक टाकी साफ करताना' हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी 'हाताने मैला उचलताना' आले; ते जास्त सरकारी वाटले. आम्हीही मान डोलावली. उत्तर आलं तेव्हा प्रश्नाच्या (क) भागाला 'नाही, महोदय' आणि (ख) ते (घ) ला 'प्रश्न उद्भवत नाही'. त्या दोन घरांतल्या बायकांना तो कागद वाचून दाखवणं मला जमलं नाही.

पुढच्या अधिवेशनात मसुदा नव्याने केला. गटार आणि सेप्टिक टाकीतले मृत्यू, राज्यनिहाय, वर्षनिहाय. भरपाई किती कुटुंबांना दिली, किती प्रलंबित, प्रलंबित असल्यास कारण. मत नाही, विशेषण नाही, 'सरकारचे दुर्लक्ष' वगैरे काही नाही. तसलं काही असलं की प्रश्न दाखल होण्याआधीच नियमावर बोट ठेवून बाद होतो. या वेळी उत्तरासोबत तक्ता आला. आपल्या राज्याच्या ओळीत मृत्यूंचा जो आकडा होता, त्याहून भरपाई मिळालेल्यांचा कमी. तो कागद आणि दोन्ही पंचनाम्यांच्या प्रती घेऊन आम्ही त्या कार्यालयात गेलो आणि एवढंच विचारलं: आमची दोन माणसं या तक्त्यात आहेत का? असतील तर पैसे कुठे आहेत, आणि नसतील तर संसदेला चुकीची माहिती कोणी कळवली? तिथल्या अधिकाऱ्यांनी तक्ता दोनदा वाचला आणि फाईल मागवली. एका घराला पैसे मिळाले. दुसऱ्या घराचं वारस दाखल्यावर अडलंय, तारखा चालू आहेत.

म्हणून शून्याचं उत्तर आलं तरी फेकून देऊ नका. ते सरकारचं लेखी म्हणणं आहे. तुमच्या हातात त्याविरुद्धचा एक पंचनामा असला, तरी बोलायला जागा मिळते.

दुसरी गोष्ट, वही कोणाकडे आहे ते ओळखून विचारायला हवं. २०२० च्या टाळेबंदीत चालत निघालेले मजूर आठवत असतील. ८ मे ला औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेल्या १६ जणांवरून मालगाडी गेली. सप्टेंबरात अधिवेशन भरलं. करोनामुळे प्रश्नोत्तरांचा तास रद्द होता, फक्त लेखी उत्तरं चालू होती. स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंबद्दल लोकसभेत विचारल्यावर श्रम मंत्रालयाने सांगितलं, की अशी माहिती ठेवलेली नाही, आणि त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. बहुतेकांनी तिथे हात टेकले. पण त्याच आठवड्यात तृणमूलचे डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नावर राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाचं उत्तर आलं: श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाला. रेल्वेत मृत्यू झाला की रेल्वे पोलिसांच्या दप्तरी नोंद होतेच, शवविच्छेदन होतं, कागद बनतो. श्रम मंत्रालयाकडे मजुरांच्या मृत्यूची वहीच नव्हती. रेल्वेकडे निदान गाडीतल्या मृत्यूंची होती. संपूर्ण दुःख त्या ९७ त मावत नाही, करमाडचे १६ तर त्यात नाहीतच, कारण ते गाडीत नव्हते. तरी 'माहिती नाही' या भिंतीला पडलेलं ते पहिलं भगदाड होतं.

ऑक्सिजनचंही तसंच झालं. २० जुलै २०२१ ला काँग्रेसचे के. सी. वेणुगोपाल यांच्या प्रश्नावर आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचं उत्तर होतं, की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषकरून कळवलेलं नाही. डॉ. पवार तेव्हा दिंडोरीच्या खासदार होत्या, आणि त्याच नाशिक जिल्ह्यात महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिलला टाकीला गळती लागून ऑक्सिजन थांबला आणि किमान २२ रुग्ण गेले होते. पण त्या उत्तरातला 'विशेषकरून' हा शब्द नीट वाचा. राज्यं रोज फक्त करोनामृत्यूंचा आकडा कळवत होती, ऑक्सिजनअभावी असा रकानाच नव्हता. तेव्हा विरोधकांचं सरकार असलेल्या आपल्या राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीही दुसऱ्याच दिवशी तुटवड्याने मृत्यू नाही असंच सांगितलं. म्हणजे दोष एकाच बाजूचा नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढचा प्रश्न नीट विचारता येत नाही. तो असा असायला हवा होता: अमुक तारखेला अमुक रुग्णालयात पुरवठा किती वेळ खंडित झाला, त्या वेळेत किती रुग्ण दगावले, चौकशी समितीचा अहवाल कधी आला.

आणखी एक उत्तर तुम्हाला वारंवार दिसेल: 'माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' हे टोलवणं वाटतं, पण कागदोपत्री ते आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासन समिती असते. जो खासदार तीन महिन्यांनी समितीला पत्र लिहितो तो कामाचा. तुमच्या खासदारांच्या ४०० प्रश्नांत एकाच विषयाचे, आधीच्या उत्तराचा दाखला देऊन विचारलेले किती आहेत ते बघा. दर अधिवेशनात नवा विषय आणि जुन्याचा पत्ता नाही असं असेल, तर ते प्रश्न फलकापुरतेच.

आता तुमची शिष्यवृत्ती. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२०-२१ पासून केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. आधी राज्याने आपला हिस्सा द्यायचा, मग केंद्राचा हिस्सा थेट मुलाच्या खात्यात, अशी रचना आहे. त्यामुळे 'शिष्यवृत्ती का रखडली' असं मोघम विचारलंत तर केंद्र राज्याकडे बोट दाखवेल, आणि विधानसभेत विचारलंत तर राज्य केंद्राकडे. मधली ओळ पकडायची. खासदारांना पत्र देताना सामाजिक न्याय मंत्रालयासाठी साधारण असा मसुदा जोडा: (क) मागील तीन वर्षांत या योजनेखाली महाराष्ट्रातील किती विद्यार्थ्यांचे अर्ज मंजूर झाले, वर्षनिहाय व जिल्हानिहाय, (ख) त्यांपैकी किती विद्यार्थ्यांच्या खात्यात राज्याचा हिस्सा जमा झाल्याचे राज्याने कळवले, (ग) राज्याचा हिस्सा जमा होऊनही केंद्राचा हिस्सा न मिळालेले विद्यार्थी किती व त्याची कारणे, (घ) आधार जोडणी नसल्याने किंवा खाते बंद असल्याने परत गेलेली रक्कम किती, आणि ती पुन्हा देण्याची कालमर्यादा काय.

सोबत तुमच्या वसतिगृहातल्या मुलांची नावं मसुद्यात घालू नका, पण यादी स्वतःकडे तयार ठेवा: अर्ज क्रमांक, मंजुरीची तारीख, राज्याचा हिस्सा आल्याची पासबुकातली नोंद. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात जाऊन भेटा. सहायकांनी शब्द कापले तर शेजारी बसून प्रत्येक कापलेला शब्द वाचा, आणि (ग) मधला 'राज्याचा हिस्सा जमा होऊनही' हा तुकडा काही झालं तरी जाऊ देऊ नका. उत्तर आलं की इथे टाका, यादीशी ताडून बघू.