हे स्टेटमेंट नेमकं कोणत्या पाटलांचं?

प्रश्न : सर नमस्कार. मी उदगीरला जीएसटी अन् इन्कम टॅक्सचं काम करतो, क्लायंट बहुतेक आडतवाले अन् डाळमिलवाले. सगळं व्हॉट्सॲपवर येतंय, कोणी बँक स्टेटमेंट टाकतंय, कोणी बिलाचे फोटो, पोर्टलवरून उतरवलेलं वेगळंच, अन् सगळं जाऊन डाउनलोडमध्ये पडतंय. ऑफिसातलं पोरगं दिवसभर फायली हुडकायलंय, रिटर्नची अकरा तारीख अन् वीस तारीख जवळ आली की बघायलाच नको. एका पाहुण्यानं एक प्रोग्राम टाकून दिला, फाइलच्या नावात क्लायंटचं नाव दिसलं की ती आपोआप त्याच्या फोल्डरला जाते म्हणला. तर एका पाटील ट्रेडर्सचं स्टेटमेंट दुसऱ्याच पाटील ट्रेडर्सच्या फोल्डरला जाऊन बसलं, ते सापडलं तोवर जीव गेला. हे नीट कसं करावं? मला कोडिंग येत नाही.
– एक कर सल्लागार, उदगीर

उत्तर : पाहुण्यांच्या प्रोग्रामचं काही चुकलं नाही हो, त्याला सांगितलं तेवढं त्यानं केलं. चुकलं ते नावावर विसंबणं. तुमच्याच मोंढ्यात उभं राहून 'बालाजी ट्रेडिंग' अशी हाक मारून बघा, चार जण तरी वळून बघतील. बरं दुकान एकच असलं तरी इंग्रजीत पाटील कोणी आय घालून लिहितंय कोणी डबल ई, व्यंकटेशचं स्पेलिंग तर ज्याचं त्याचं वेगळं. नावावरून फायली लावायच्या म्हणलं की असं होणारच.

तुमच्या धंद्यात याच्यावर तोड आधीपासूनच आहे, पॅन. दहा जागा, पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर, अन् तो दुसऱ्या कोणाचा असू शकत नाही. जीएसटी नंबर पंधरा जागांचा असतो, त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे अन् तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत सरळ पॅनच बसवलेला असतो, म्हणजे फाइलच्या नावात जीएसटी नंबर असला तरी पॅन सापडला म्हणून समजा. आडतीच्या घरात तर याचा फार उपयोग आहे. वडिलांचा स्वतःचा रिटर्न, एचयूएफचा म्हणजे हिंदू एकत्र कुटुंबाचा वेगळा, अन् भावाभावांच्या फर्मचा आणखी वेगळा, आडनाव तिन्हीकडं एकच. पण पॅनचं चौथं अक्षर बघा, व्यक्ती असेल तर पी, एचयूएफ असेल तर एच, फर्म असेल तर एफ. नाव बघून तुम्हीसुद्धा गोंधळाल, पॅनवरून कॉम्प्युटरसुद्धा गोंधळणार नाही.

तुमच्या भागात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. उदगीरहून बिदर किती लांब, अन् काही जणांचं तिकडंही रजिस्ट्रेशन असतंच. जीएसटी नंबरात आपल्या महाराष्ट्राचा कोड 27, कर्नाटकाचा 29, तिकडं देगलूर-धर्माबादकडचा कोणी तेलंगणात धंदा करत असेल तर 36. पॅन एकच, जीएसटी नंबर दोन. म्हणून मोठं फोल्डर पॅनवर करा अन् आत जीएसटीच्या फोल्डरमध्ये 27 अन् 29 वेगळे ठेवा, नाहीतर बिदरचा थ्रीबी म्हणजे जीएसटीचा रिटर्न इकडच्या थ्रीबीत जाऊन बसेल.

आता करायचं कसं. पहिलं काम कॉम्प्युटरचं नाहीच, तुमचं आहे. प्रत्येक क्लायंटच्या फोल्डरच्या नावात शेवटी त्याचा पॅन लिहून टाका, नाव मराठीत ठेवलं तरी विंडोजला चालतं. एकदा का पॅन फोल्डरच्या नावात आला की वेगळी यादी सांभाळायची भानगडच राहत नाही, प्रोग्राम फाइलच्या नावातून पॅन उचलणार, तोच पॅन ज्या फोल्डरच्या नावात असेल तिथं फाइल सरकवणार. काही जण याच्यासाठी एक्सेलची यादी करतात, पॅन अन् समोर फोल्डर, तेही चालतं, पण नवा क्लायंट आला की यादीत भरायचं राहून जातं हे ठरलेलं. अन् यादी केलीच तर सेव्ह करताना साधी सीएसव्ही (नुसत्या मजकुराची यादी) करू नका, यूटीएफ-8 वाली करा, साध्या सीएसव्हीत मराठी नावांची सगळी प्रश्नचिन्हं होतात.

जीएसटी पोर्टलवरून उतरलेल्या थ्रीबी अन् टूबीच्या (खरेदीवरच्या क्रेडिटचा उतारा) फायलींच्या नावात जीएसटी नंबर अन् महिना असतोच, त्या आपोआप लागतील. खरा त्रास व्हॉट्सॲपच्या फोटोंचा. त्यांचं नाव म्हणजे 'व्हॉट्सॲप इमेज', पुढं तारीख, पुढं वेळ, त्यातून कोणाचं बिल ते देवालाही कळणार नाही. तिथं तुमच्या पोरालाच सेव्ह करताना नावापुढं पॅन चिकटवावा लागेल, त्याला इलाज नाही, कारण कोणाच्या चॅटमधून आलं ते त्या घडीला फक्त त्यालाच माहीत असतं. इथं बरेच जण शॉर्टकट काढतात, क्लायंटला 047, 074 असे नंबर देतात. मी देऊ नका म्हणेन. घाईत 047 च्या जागी 074 पडलं तर तोही कोणाचातरी खरा नंबर आहे, फाइल गपचूप भलत्याच्या घरात जाते अन् कोणाला पत्ता लागत नाही. पॅनमध्ये एखादं अक्षर चुकलं तर तो पॅन तुमच्या कोणत्याच फोल्डरला लागत नाही, फाइल बाजूला पडते अन् चूक डोळ्यासमोर राहते. टाइप करायचा कंटाळा असेल तर फोल्डरच्या नावातून कॉपी-पेस्ट.

प्रोग्राम कोणता? ड्रॉप-इट नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, छोट्या कामाला बरा, पण प्रत्येक क्लायंटला एक नियम लिहीत बसाल तर कंटाळाल. विंडोज 11 मध्ये पॉवर ऑटोमेट येतंच, त्यात कोडिंग न करता ठोकळे जोडून हे जमतं. पण मला विचाराल तर उदगीर-लातूरला बीसीए, बीसीएस शिकणारं एखादं पोरगं गाठा अन् पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजमध्येच असलेल्या कमांडच्या सोयीत, छोटीशी स्क्रिप्ट लिहून घ्या, अर्ध्या पानात होते. फक्त त्याला काही गोष्टी आधीच बजावून सांगा.

स्क्रिप्टनं सगळ्या डाउनलोडला हात लावायचा नाही, 'आवक' नावाचं एक फोल्डर करा, फक्त त्यातलंच उचलायचं. अर्धवट उतरलेल्या फायलींना शिवायचं नाही, क्रोममध्ये अशा फाइलच्या शेवटी सीआरडाउनलोड लागलेलं असतं. पॅन सापडला नाही किंवा एकाच नावात दोन पॅन सापडले तर अंदाज बांधायचा नाही, फाइल 'बघायच्या' म्हणून एका फोल्डरला टाकायची, ते फोल्डर संध्याकाळी माणसानं उघडायचं. अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथं त्याच नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहायचं नाही, नव्या फाइलच्या नावापुढं तारीख-वेळ जोडायची. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण जुन्या पद्धतीची बॅच फाइल (कमांडची यादी असलेली फाइल) करून देणारे अजून पुष्कळ आहेत, अन् त्यातली मूव्ह ही कमांड हातानं चालवली तर 'वर लिहू का' म्हणून विचारते पण बॅच फाइलच्या आतून चालवली तर न विचारता लिहून मोकळी होते. सगळ्यांची बँकेची फाइल 'स्टेटमेंट' याच नावानं येते, म्हणजे पुढं पॅन लावला तरी एकाच क्लायंटची एप्रिलची गेली अन् मेची राहिली, समजलं कधी, तर ऑडिटला. पॉवरशेलची मूव्ह-आयटम अशी बळजबरी करत नाही, तिथं फाइल असली तर एरर देऊन थांबते, फक्त तिला फोर्स हा पर्याय लावायचा नाही.

चालू करायच्या आधी पॉवरशेलचा व्हॉट-इफ हा पर्याय लावून चालवा. त्यात काहीच हलत नाही, कोणती फाइल कुठं जाईल एवढं पडद्यावर दिसतं. ते पोराबरोबर बसून वाचा, दोन-चार दिवस नुसतं तेच करा, मग खरं चालवा. कोणती फाइल कुठून कुठं गेली त्याची नोंद एका फाइलमध्ये पडत राहील असंही करून घ्या, म्हणजे उलटं फिरवायची वेळ आली तर सोपं जाईल. रोज आपोआप चालायला विंडोजचा टास्क शेड्यूलर आहे, त्याच्या सेटिंगमध्ये ठरलेली वेळ हुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव अशी टिकमार्कची जागा आहे, ती टिक करा. लाइट कधी जाईल ते आपल्या हातात नाही.

वर्षाचं एक राहिलं. आतल्या फोल्डरला 2024/25 असं नाव विंडोज घेतच नाही, तिरकी रेघ चालत नाही, 2024-25 करा. फाइलच्या नावातल्या महिन्यावरून वर्ष काढायला लावलं तर 032025 म्हणजे मार्च 2025, तो 2024-25 मध्येच जातो हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्या पोराला सांगा, त्याला कॅलेंडरचं वर्ष माहीत असतं, आपलं एप्रिल-मार्च नसतं. इन्कम टॅक्सचं तर आर्थिक वर्ष अन् असेसमेंट इयर (त्याच्या पुढचं, कर आकारणीचं वर्ष) या दोन नावांनी आजवर अर्धी ऑफिसं एका फोल्डरला अन् अर्धी दुसऱ्याला फाइल ठेवत आली. फोल्डर आर्थिक वर्षावरच ठेवा. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या इन्कम टॅक्स कायद्यात नुसतं टॅक्स इयर आलंय, पण जुनी प्रकरणं चालू आहेत तोवर असेसमेंट इयर काही पिच्छा सोडणार नाही.

प्रश्न : माझं हिंगोली जिल्ह्यात महा ई-सेवा केंद्र आहे. लोकांची कागदं स्कॅन करून प्रत्येकाचं फोल्डर करतो, नाव आधार नंबरचं देतो म्हणजे लगेच सापडतं. आता हे आपोआप करायचंय, आधारचे बारा आकडे बघून फाइल लावायची. होईल का?
– एक केंद्रचालक

उत्तर : होईल, पण करू नका. वर टॅक्सवाल्यांना पॅन चालेल म्हणलो तेव्हा तुम्हाला वाटेल आधारला काय होतंय. त्यांच्याकडं जीएसटी नंबर दुकानाच्या पाटीवर अन् प्रत्येक बिलावर छापलेलाच असतो, त्यातच पॅन आला, अन् तो क्लायंट वर्षानुवर्षं त्यांच्याकडंच येणार. तुमच्याकडं माणूस उत्पन्नाच्या दाखल्याला येतो अन् जातो, अन् त्याचा आधार नंबर तुमच्या पडद्यावर मागं रांगेत उभं असलेल्या कोणालाही वाचता येतो. मास्क्ड आधारमध्ये सुद्धा शेवटचे चारच आकडे दाखवतात ते कशासाठी मग.

अर्ज भरला की पोर्टल जो अर्ज क्रमांक देतं तोच फोल्डरला द्या, पुढं तारीख, वर्ष आधी मग महिना मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. पावती माणसाच्या हातात असतेच, तो नंबर सांगेल. अन् आपोआप करायचंच असेल तर लावायचं नका करू, काढायचं करा, दाखला मिळून महिना झाला की ते फोल्डर उडवायचं. हातानं उडवलं तर रिसायकल बिनपण रिकामी करा, अन् केंद्राच्या मोबाइलवर लोकांनी व्हॉट्सॲपनं पाठवलेले आधारचे फोटो गॅलरीत तसेच पडून असतात, तेवढे आजच बघून घ्या.