डिझेल वाढत राहिलं तर मोटारहोम आणि घर, दोन्ही परवडेल का?

तुम्ही विचारलंय: सोलापुरात राहता, घरात पाच माणसं, एकाच्या पगारावर घर चालतं, आणि जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घेऊन तिचं मोटारहोम, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करायचं मनात आहे. डिझेल असंच वाढत गेलं तर गाडी झेपेल का, की घरखर्चाची ओढाताण होईल?

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना चालवतो. २०१९ पासून माझ्याकडे तुम्हाला हवी तशीच गाडी आहे. मागच्या सीटा काढून दोन पलंग, एक ओटा, सिंक आणि छतावर सोलर. आमच्याही घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा वाटला. आधी उत्तर सांगतो, मग कारण. गाडीत जाणारं डिझेल तुम्हाला बुडवणार नाही. डिझेल वाढलं की घरात जो खर्च वाढतो, तो धरला नाहीत तर मात्र गाडी दारात उभी राहील. माझी राहिली होती, सात महिने.

पहिल्यांदा गाडीचा हिशेब. सामान, पाणी आणि माणसं भरून माझी गाडी लिटरला ९ ते १० चं अ‍ॅव्हरेज देते. सोलापूर, विजापूर, होस्पेट करत हंपी. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून साधारण ७०० किलोमीटर. म्हणजे ७५ लिटरच्या आसपास डिझेल. लिटरमागे १० रुपये वाढले तर या सहलीला साडेसातशे रुपये जास्त. वर्षात अशा चार सहली केल्या तर तीन हजार. पाच माणसांना लॉजवर दोन खोल्या घ्याव्या लागतात, त्या एका रात्रीलाच यातले बरेच पैसे जातात. म्हणून पंपावरचा आकडा बघून घाबरू नका.

आता घराचा हिशेब, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

२०२२ आठवतं का? २२ मार्च ते ६ एप्रिल या पंधरवड्यात पेट्रोल-डिझेल १४ वेळा वाढलं, सगळं मिळून लिटरमागे प्रत्येकी १० रुपयांनी. २२ मार्चलाच घरगुती सिलिंडरही ५० रुपयांनी वाढला. माझी बायको रोजचा खर्च एका लांबट वहीत लिहिते, वाण्याकडे असते तसली वही. त्या एप्रिलचं पान मी आजही दाखवू शकतो. मुलांच्या शाळेची व्हॅन: एकामागे दीडशे, दोघांचे मिळून ३०० जास्त. पाण्याचे दोन टँकर: प्रत्येकी शंभरने वाढलेले, २०० जास्त. दोन दुचाकींचं पेट्रोल: ३५ लिटर, ३५० जास्त. सिलिंडर: ५०. भाजी आणि फळं: मार्चपेक्षा ५०० जास्त. बेरीज १,४०० रुपये. महिन्याला. वर्षाचे झाले १६,८००.

गाडीचे तीन हजार आणि घराचे जवळपास सतरा हजार. दोन्ही आकडे एकाच १० रुपयांच्या वाढीचे आहेत. भाजी उन्हाळ्यातही महागते, तेव्हा ते ५०० सगळेच डिझेलचे म्हणणार नाही. पण निम्मे सोडून दिले तरी चित्र बदलत नाही.

टँकरचं तर सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. आमच्या भागात कित्येक वर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आलंय, आणि मे महिन्यात टँकर मागवावाच लागतो. त्या वर्षी ट्रॅक्टरवाला पाइप हौदात सोडता सोडता म्हणाला, "शंभर जास्त द्यावं लागंल मालक. आमी तर काय करावं, डिझल बगा की कुटं गेलंय." आणि तो खोटं बोलत नव्हता. ट्रॅक्टर विहिरीपाशी उभा असतानाही चालूच, पंप त्याच्यावरच. लक्ष्मी मंडईतल्या आमच्या नेहमीच्या मावशींनी वांगी तोलताना हेच सांगितलं: टेम्पोवाल्याने कॅरेटमागे भाडं वाढवलं, मग पावकिलोला दोन रुपये चढवल्याशिवाय त्यांचं भागत नाही.

मी स्वतः या साखळीतली एक कडी आहे, म्हणून आतून सांगू शकतो. माझं सूत ट्रकने येतं, टॉवेलच्या गाठी ट्रकने जातात. डिझेल वाढलं की आठवड्याभरात ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन येतो. लाइट गेल्यावर जनरेटरला डिझेल लागतं ते निराळंच. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. सुतावर भरलेला जीएसटी मला पुढे भरायच्या करातून वळता करून घेता येतो, डिझेलवर भरलेला कर येत नाही. तो मालाच्या किमतीत जातो. माझ्याकडून घाऊक व्यापारी, त्याच्याकडून दुकानदार, प्रत्येक टप्प्याला परत भाडं आणि हमाली. शेवटी तो टॉवेल तुमच्या घरी येतो तेव्हा त्यात किती डिझेल मुरलंय हे कुणालाच वेगळं काढून दाखवता येत नाही.

आणि जे चढतं ते उतरत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने डिझेलवरचं उत्पादन शुल्क ६ रुपयांनी कमी केलं, जुलैत राज्याने आणखी ३ रुपये कमी केले. पंपावरचा भाव खाली आला. व्हॅनचे दीडशे मात्र कमी झाले नाहीत, टँकरचे शंभरही नाहीत. मी मागितलेही नाहीत, कारण व्हॅनवाल्या दादांचे टायर, विमा सगळंच तोवर वाढलेलं होतं. एसटीचंही तसंच. २५ जानेवारी २०२५ पासून तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढलं. आई दर महिन्याला तुळजापूरला जाते, तिच्या तिकिटात ते दिसतं.

माझी गाडी उभी राहिली ती अशी. सहलींसाठी मी दरमहा १,५०० रुपये बाजूला टाकत होतो. त्या एप्रिलपासून ते १,४०० घरात जिरायला लागले. कुणी उधळपट्टी केली नाही, पैसे नुसते उरेनासे झाले. मेमध्ये कोकणात जायचं ठरलेलं, ते रद्द केलं. गाडी नोव्हेंबरपर्यंत हलली नाही. सोलरच्या वायरीचा जोड सुटलेला कुणी बघितला नाही आणि मागच्या दोन्ही बॅटऱ्या बसल्या. नव्या बॅटऱ्यांना जे पैसे गेले, त्यात तीन सहलींचं डिझेल आलं असतं. धाकटी रोज शाळेतून आली की गाडीच्या दाराच्या काचेवरच्या धुळीत बोटाने काहीतरी लिहायची. एकदा तिने "हंपी" लिहिलं होतं. ते पुसायला माझा हात धजला नाही.

त्यानंतर आम्ही फिरण्याची पद्धत बदलली. पूर्वी चार दिवसांत चार गावं करायचो, आता एकाच ठिकाणी चार दिवस राहतो. हिवाळ्यात भिगवणला जातो, इथून दीडशे किलोमीटर. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरलेले असतात, आई खुर्ची टाकून सकाळभर बघत बसते. जाऊन-येऊन ३० ते ३५ लिटरमध्ये भागतं. वेग ६५-७० च्या पुढे नेत नाही. इतक्या उंच गाडीला वारा फार अडवतो आणि ९० ने पळवली की अ‍ॅव्हरेज आठच्या खाली येतं. पाण्याची टाकी शंभर लिटरची आहे, ती मुक्कामाच्या गावात भरतो, शंभर किलो वजन उगीच वाहून नेत नाही. पंखा आणि फ्रीज सोलरवर. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका, तासाला लिटरभर डिझेल जातं आणि धुराने जिवाला धोका असतो तो वेगळाच.

विजापूर रस्त्याने भीमेचा पूल ओलांडला की डिझेल स्वस्त, म्हणून तिकडे टाकी फुल्ल करायची, हे तुम्हालाही कुणीतरी सांगेल. एके काळी ते खरं होतं. पण कर्नाटकने जून २०२४ मध्ये कर वाढवला आणि एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरचा पुन्हा वाढवला. आता तेवढ्यासाठी मुद्दाम गाडी काढण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट डिझेलच्या बाहेरची, पण खर्चाचीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. ज्यांनी माझं काम केलं त्यांनी "आरटीओचं नंतर बघू" म्हणत सीटा काढल्या, आणि मी पासिंगला चार महिने खेटे घातले. तुम्ही आधी कागद करा, मग पाना लावू द्या.

तुमच्यासाठी माझं म्हणणं असं. गाडी बघायला जाण्याआधी घरचा मागच्या बारा महिन्यांचा खर्च काढा. त्यात महिन्याला दीड ते दोन हजार वाढवा, जणू डिझेल उद्याच १० रुपयांनी वाढलंय. त्यातून विमा, टायर आणि बॅटरीचे पैसे बाजूला काढून वर्षाच्या तीन सहली उरतात का बघा. एकच पगार आहे, तेव्हा गाडीसाठी कर्ज काढू नका असं मी तुमच्या मोठ्या भावाच्या जागी असतो तरी सांगितलं असतं. हप्ता थांबत नाही, सहल थांबवता येते.

हिशेब बसत असेल तर अजून एक करा. एखादी तयार कॅम्पर गाडी तीन दिवस भाड्याने घ्या आणि घरच्या पाचही जणांना घेऊन जा. निघताना टाकी फुल्ल, परत आल्यावर पुन्हा फुल्ल, मधले किलोमीटर लिहून ठेवा. रात्री आईला पलंगावर चढायला त्रास होतो का, मुलं दुसऱ्या दिवशी कंटाळतात का, हेही त्याच वहीत लिहा. आकडे इथे टाकलेत तर मी बसून तुमचा हिशेब मांडून देईन. आणि आमची गाडी बघायची असेल तर रविवारी ती घरीच असते, वहिनींनाही घेऊन या.