एफएसएक्सवर हात बसलेल्यांना नवा सिम्युलेटर का छळतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स (एफएसएक्स, संगणकावर विमान उडवायचा प्रोग्राम) मनसोक्त उडवला, मग नोकरी-संसारात तो सुटला. आता दणकट पीसी घेऊन मायक्रोसॉफ्टचाच नवा फ्लाइट सिम्युलेटर 2020 टाकलात, तर उडण्यापेक्षा मेनूत चाचपडण्यातच संध्याकाळ जाते. वय झालं, की प्रोग्रामच तसा आहे? प्रोग्रामच तसा आहे. निम्मा त्रास सेटिंगमधून जातो, उरलेला जात नाही.

2006 साली आलेला एफएसएक्स विंडोजवरच्या इतर कुठल्याही प्रोग्रामसारखाच होता. 'फ्री फ्लाइट'च्या एकाच पानावर चार गोष्टी: विमान, ठिकाण, हवामान, वेळ. उडता उडता ऑल्ट दाबलं की वर मेनूपट्टी हजर. समजा पुण्याच्या धावपट्टी 10 वर लँडिंग घोटायचंय. वर्ल्ड मेनूतून नकाशा उघडायचा, विमान उचलून धावपट्टीच्या दहा नॉटिकल मैल अलीकडे ठेवायचं, उंची पाच हजार फूट लिहायची (विमानतळच समुद्रसपाटीपासून 1,942 फुटांवर आहे, तीन हजार लिहिलेत तर डोंगर दारात येतात), आणि ओके. सेमिकोलन दाबून ती स्थिती सेव्ह केली, की लँडिंग फसल्यावर कंट्रोल-सेमिकोलन दाबायचं, पुन्हा त्याच जागी. मध्येच वाटलं की हेच सेस्नात, म्हणजे छोट्या विमानात, करून बघू, तर तिथल्या तिथे विमान बदलायचं. शिकणाऱ्याला एवढंच लागतं: तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, मधे न थांबता.

2020 मध्ये विमान बदलायचं तर फ्लाइट सोडून मुख्य मेनूत जा, वर्ल्ड मॅप उघडा, सगळं पुन्हा निवडा आणि लोडिंगची पट्टी बघत बसा. जागा बदलायची तरी बहुधा तीच वारी. सेव्हची सोय आहे, पण गुंतागुंतीच्या विमानांत ऑटोपायलट आणि एफएमसी (मार्ग भरायचा विमानातला संगणक) होते तसे परत मिळतीलच याचा भरवसा नाही. मला या सिम्युलेटरचा खरा राग येतो तो इथे. बाकीच्या तक्रारी सवयीच्या आहेत. ही रचनेची आहे.

हे असं का झालं, तेही बघा. एफएसएक्स करणारा मायक्रोसॉफ्टचा एसेस स्टुडिओ 2009 च्या जानेवारीत बंद झाला. नवा सिम्युलेटर फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने केला, ही मुळात गेम करणारी मंडळी. ऑगस्ट 2020 मध्ये तो पीसीवर आला आणि जुलै 2021 मध्ये एक्सबॉक्सवर. सोफ्यावर बसून, हातात गेमपॅड घेऊन, समोरच्या टीव्हीवर खेळता यावं म्हणून ते भलेमोठे चौकोन आणि एकात एक दडलेली पानं. टेबलाशी माउस घेऊन बसलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या नंबरला होता, असं माझं मत.

हेडिंगची, म्हणजे ऑटोपायलटला दिशा सांगायची, घुंडी फिरवताना हे सगळ्यात जास्त बोचतं. एफएसएक्समध्ये कर्सर घुंडीवर नेला की हाताचं चित्र यायचं, चाक फिरवलं की आकडा बदलायचा, विषय संपला. एक्सबॉक्सच्या अपडेटबरोबर 'लॉक' पद्धत आली. तीत घुंडी निळी उजळते, मग क्लिक करून ती पकडायची, मग चाक फिरवायचं. कर्सर जरा सरकला तर चाकाने घुंडी फिरतच नाही, अख्खं कॉकपिट अंगावर येतं, कारण तेच चाक झूमचंही आहे. आणि हे अप्रोचच्या, म्हणजे उतरायला येतानाच्या, ऐन धांदलीत! उपाय सोपा आहे, फक्त लपवलेला. जनरल ऑप्शन्समध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे कॉकपिट इंटरॅक्शन सिस्टिम 'लेगसी' (जुनी पद्धत) करा. आजच करा.

दुसरं, 'विमान आपोआप वळतं' ही तुमची तक्रार. असिस्टन्स ऑप्शन्समध्ये ऑटो-रडर (शेपटीचं सुकाणू प्रोग्रामने आपणच हलवणं), टेकऑफ-लँडिंगची मदत आणि कंट्रोल्स को-पायलटकडे देणं, हे सगळं बंद करा. कंट्रोल्सच्या जंगलात कमांड नावाने शोधत बसू नका. इनपुटने शोधायची सोय आहे, जॉयस्टिकचं बटण दाबा, त्याला काय काय चिकटलंय ते समोर येतं. एका बटणाला दोन कामं लागलेली सापडली तर नवल नाही. एफ 5 ते एफ 8 ला फ्लॅप्स (पंखांची मागची पाती) आणि जी ला गिअर (चाकं) मात्र अजून तसेच आहेत, तेवढी कृपा.

फ्लाइट सिम्युलेटर 2024 या पुढच्या आवृत्तीवर उडी मारायची घाई नको. त्यात कंट्रोल्स थरांत विभागलेत: सगळ्यांसाठीचे वेगळे, विमानांचे वेगळे, त्या त्या विमानाचे आणखी वेगळे. कल्पना चांगली, पण आधी समजून घ्यावी लागते. शिवाय बराचसा माल उडताना इंटरनेटवरून येतो. म्हणून डिस्कवर जागा 50 जीबी मागतात (2020 ला 150), पण नेट 50 एमबीपीएसचं सुचवतात. 19 नोव्हेंबर 2024 ला तो आला त्या दिवशी सर्व्हर ओझ्याखाली बसले आणि जगभरचे लोक लोडिंगच्या पडद्यावर अडकले. एफएसएक्सची डीव्हीडी कधी कुणाच्या सर्व्हरची वाट बघत नव्हती.

तरी जुन्याचे गोडवे किती गायचे? एफएसएक्स 32-बिटचा. चार जीबीच्या वर मेमरी घेताच येत नाही, त्यामुळे जड ॲड-ऑन टाकून लांब पल्ला मारला की नेमकं उतरायच्या वेळी मेमरी संपून प्रोग्राम बंद पडायचा. आणि मुंबईहून पुण्याला येताना खाली घाट म्हणून जे दिसायचं ते कुठल्याही देशातलं हिरवं-तपकिरी ठिगळ असू शकलं असतं. 2020 मध्ये माथेरान ओळखू येतं. त्यासाठी बराच मेनू मी सहन करतो.

तुमचा सगळा भर लँडिंगच्या सरावावर असेल तर एक्स-प्लेन 12 हा दुसऱ्या कंपनीचा सिम्युलेटर बघा. माउस वर नेला की मेनूपट्टी येते, दृश्यांचा डेटा स्वतःच्या डिस्कवर राहतो. ठिकाण बदलताना थोडं थांबावं लागतं, पण मुख्य मेनूची वारी नाही. डेमो फुकट आहे, प्रदेश आणि वेळ मर्यादित, तरी जॉयस्टिक जुळते का ते कळायला पुरे. जॉयस्टिक कोणती आहे ते लिहा, म्हणजे बटणांची माझी मांडणी इथेच टाकतो.